हौदातले साहेब

मेहकरात मला डोक्यावर छप्पर दिलं ते काकाजींनी, आणि बोलतं केलं तेही त्यांनीच. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. पुढे कासव, किडे, शेण, बुरशी असलं बरंच काही येणार आहे, आणि ते वाचून कुणाला वाटायचं की मी एका भल्या माणसाची थट्टा मांडली आहे. तसं नाही. पण हसल्याशिवाय त्यांची आठवण काढताच येत नाही, त्याला मी काय करू? ते स्वतःही हसायचे.

ह्यांची एस.टी.त कंडक्टर म्हणून मेहकर डेपोला नेमणूक झाली तेव्हा आमचं लग्न नुकतं झालं होतं. मी कोकणातल्या समुद्रकाठची, सहावीतून शाळा सुटलेली, चिपळूणच्या पुढे कधी न गेलेली. गावात खोल्या होत्या. पण मालक लोक आडनाव विचारून झालं की पुढचा प्रश्न टाकत, "कोकणातले म्हणता, मासोळी खाता काय?" ह्यांना खोटं बोलता येत नाही. मग त्या खोलीत नेमका कुणीतरी पाहुणा यायचा असे.

काकाजींनीही तोच प्रश्न विचारला. हे "हो" म्हणाले. काकाजींनी तपकिरीची चिमूट नाकात सारली, डोळे मिटले, शिंक आली नाही तशी उघडले आणि म्हणाले, "खाते तं खाऊ दे. पैनगंगेत काय तूर पिकते?" मग माझ्याकडे वळले. "नाव काय पोरी?" मी नाव सांगितलं ते माझं मलाच ऐकू आलं नाही. "राहू दे," ते म्हणाले. "सावकाश सांगजो. तोवर कोकण म्हणू."

तेव्हापासून त्या घरात मी कोकण. "कोकण, चहा झाला काय?" "कोकण, आज गाडी कुठं मुक्कामी?" काकू, म्हणजे त्यांच्या मंडळी, मला माय नाहीतर पोरी म्हणत, पण तिसऱ्या माणसाशी बोलताना त्याही म्हणत, "आमची कोकण मीठ कमी टाकते बाई."

काकाजी तहसील कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. धोतरावर काळा कोट, तो उन्हाळ्यातही. कोटाच्या एका खिशात तपकिरीची डबी, दुसऱ्यात काय असेल ते सांगता येत नसे. एकदा मी धुवायला घेतला तर त्यातून गांडूळ निघालं. नोकरीबद्दल विचारलं की म्हणत, "मी बसलो तं खुर्ची नागपूरच्या राज्यात होती. उठलो तं महाराष्ट्रात. मधात मंबई बी होऊन गेली. मी कुठं हाललो नाई." आणि कुठल्याही गोष्टीवर त्यांचं एकच औषध होतं: बसू द्या. दूध उतू गेलं, बसू द्या. दोन शेजारी बांधावरून भांडायला लागले, बसू द्या. नव्या राज्यात काही धड होत नाही असं कुणी म्हणालं तरी तेच. काकू चिडून म्हणत, "बसू द्या, बसू द्या. तुम्ही जलमभर बसलेच."

मला त्या दिवसांत सगळ्याचीच भीती वाटे. ह्यांची गाडी धाड गावाला नाहीतर पार वरवट बकालला मुक्कामी जाई आणि मी एकटी राही. तिथल्या बोलण्यातलं अर्धं कळत नसे. माझ्या बोलण्याची बायकांना गंमत वाटे, म्हणून मी बोलतच नसे. काही चुकलं तर खोली जाईल, हा एक विचार सकाळी चुलीबरोबर पेटायचा. काकूंच्या घरी सोवळं कडक, स्वच्छता त्याहून कडक. मी त्यांच्या उंबऱ्यात पाय ठेवताना आधी पाय पुसून घेई, ते कोरडे असले तरी.

आणि त्या स्वच्छ घरात ओसरीच्या कोपऱ्यात कासव होतं.

पाण्यातलं नव्हे. काकाजींच्या भाच्यानं गुजरातेतून आणलेलं, जमिनीवरचं, ताटलीएवढं, काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या असलेलं. त्याचं नाव साहेब. "आमचा एक तहसीलदार असाच होता," काकाजी सांगत. "पाठीवर सगळं सोनेरी, आणि काम आलं का मान आत." साहेबांना शहाबादी फरशीवर चार विटांचं कुंपण होतं. काकू रोज सकाळी ती फरशी फिनेलनं धूत. गल्लीतल्या बायका येऊन साहेबांच्या पाठीवर हळदकुंकू वाहत, कारण देवळात दगडाचं कासव असतं त्याला वाहतात, मग हे तर चालतं कासव. काकाजी मागून ओल्या फडक्यानं ते पुसून काढत आणि म्हणत, "माफ करा साहेब. पब्लिक हाये."

त्या उन्हाळ्यात साहेबांनी खाणं सोडलं. डोळे सुजले, मान बाहेर येईना. ढोरांच्या दवाखान्यातले डॉक्टर आले, त्यांनी साहेबांना उलटसुलट पाहिलं. "काकाजी, मी बैलाचा डॉक्टर. याले सुई टोचू तं कुठं टोचू? दार दाखवा."

डॉक्टर गेल्यावर काकाजी कोटासकट ओसरीवर पालथे पडले आणि हनुवटी फरशीला टेकवून तसेच राहिले. काकू बाहेर आल्या.

"आता काय झालं?"

"साहेबाच्या उंचीवरून पाहून राह्यलो."

"लोक पाहून राह्यले तुमाले."

काकाजी उठले तेव्हा त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी येत होतं. त्यांचं नाक तपकिरीनं केव्हाच मेलेलं, पण डोळे शाबूत होते. "घे," ते म्हणाले. "आपण उभे असतो, फिनेल आपल्याले समजत नाई. साहेब तं खालीच राह्यते. साहेब आजारी नाई. फरशी आजारी हाये."

"मी रोज धुते म्हणून आजारी?"

"हाव. वावरात इतके ढोरं फिरतात, कोणी फिनेल मारते काय? मंग तिथं घाण काऊन साचत नाई? कोण साफ करते?"

"कोण करते?"

"स्टाफ," काकाजी म्हणाले.

इथून त्यांच्या डोक्यात हौद शिरला. अंगणात कमरेएवढा जुना सिमेंटचा हौद होता. बुडाला तडा गेल्यापासून त्यात पाणी टिकत नसे आणि काकू त्यात फुटकी मडकी टाकत. काकाजींचं म्हणणं असं की त्या हौदात खरी जमीन करायची, जिवंत. वर साहेब राहतील, खातील, घाण करतील. खाली किडे, गांडुळं ती घाण खाऊन पुन्हा माती करतील. त्या मातीत गवत उगवेल. ते साहेब खातील. "एकदा का कचेरी बसली," ते म्हणाले, "मंग कोणी झाडाले नको, कोणी धुवाले नको."

काकू म्हणाल्या, "कचेरीत तुम्ही असतांनी काय चालत होतं ते मले ठाऊक हाये."

त्यांनी बुडाशी विटांचे तुकडे घातले, तड्यातून पाणी निघून जावं म्हणून. त्यावर चुलीतले कोळसे. त्यावर, आणि इथे ते सपशेल फसले, आपल्या वावरातली काळी माती. त्या भागात काळ्या मातीबद्दल वाकडं बोलणं म्हणजे घरातल्या थोरल्याबद्दल बोलणं. बैलगाडी भरून माती आली. काकाजी अभिमानानं म्हणाले, "सोनं हाये, सोनं." वर पाणी शिंपडलं आणि साहेबांना आत सोडलं. साहेब चार पावलं चालले. प्रत्येक पावलाला माती लागत गेली, आणि पाचव्या पावलाला चारी पायांना असे गोळे झाले की साहेब जिथल्या तिथे उभे.

काकू भिंतीवरून वाकून म्हणाल्या, "वा. साहेबाले बूट घातले."

"बसू द्या. सुकन."

सुकली. मग तिला भेगा पडल्या, आणि एका भेगेत साहेबांचा मागचा पाय गेला. काकाजींनी कोपरापर्यंत बाह्या सारून तो सोडवला. दुसऱ्या दिवशी सोनं पुन्हा गाडीत भरून वावरात रवाना झालं.

त्यानंतर मातीचा शोध सुरू झाला आणि त्यात हे सापडले. "कंडक्टर, गाडी जाते तिथली मूठ मूठ माती आणजा." हे नाही म्हणणार कसे? धाडची आली, वाटेतल्या थांब्यांची आली. वरवट बकालहून आणलेली काकाजींनी जिभेच्या टोकाला लावली आणि थुंकली. "खारी. ही साहेबाले नको, काकूच्या भाजीले चालन." एकदा वाटेत तपासणीस चढले, त्यांना सीटखाली पुड्या दिसल्या.

"हे काय?"

"माती, साहेब."

"कोणाची?"

"घरमालकांची."

तपासणिसांनी टोपी काढली. "कधी गेले?"

शेवटी जमलं ते असं: थोडा मुरूम, पैनगंगेची वाळू, वावरातली काळी अगदी चवीपुरती, आणि उकिरड्याच्या तळाचं पार जुनं खत. वर आंब्याचा, वडाचा पाचोळा आणि एक कुजका ओंडका. अर्ध्या हौदावर पत्रा, अर्धा उघडा. एका कोपऱ्यात दूर्वा, एका कोपऱ्यात घोळाची भाजी. साहेबांनी आत जाऊन पाचोळ्यात तोंड खुपसलं आणि घोळाचं एक पान तोडलं. बऱ्याच दिवसांनी खाताना पाहिलं त्यांना.

आता स्टाफची भरती. काकाजी लोकांच्या घरी जात आणि पाणी विचारलं तर नको म्हणत. "तुमचा धुण्याचा दगड जरा उचलू काय?" ओल्या दगडाखाली ते राखाडी किडे असतात ना, हात लावला की गोळी होणारे, ते काकाजी कागदात बांधून घेत. न्हाणीच्या मागून गांडुळं, उकिरड्यावरून शेणातले भुंगे. गल्लीत चर्चा सुरू झाली की कचेरीत जुने कागद पाहून काकाजींना गुप्तधनाचा पत्ता लागलाय. काहीजण त्यांच्या मागोमाग जाऊन तोच दगड पुन्हा उचलून पाहत.

मला ते हौदाशी उभं करून ओळख करून देत. "हे गोया होणारे, हे पाचोळा पाहतात. गांडुयं खालच्या मजल्यावर. भुंगे म्हणजे शेणविभाग. सगळे नवे हायेत. काही मरतीन, काही पयतीन, जे राहतीन ते कायम." मी नुसती मान हलवी. मग ते पाचोळा न उचलता नुसतं बोट दाखवून म्हणत, "आता आपण हात लावाचा नाई. नव्या जागी आल्यावर कोणाले सारखं सारखं उकरून पाहू नये, कसा हायेस म्हणून." ते किड्यांबद्दलच बोलत होते. पण त्या दिवशी मी खोलीत येऊन जरा वेळ दार लावून बसले.

मग बुरशी आली. ओंडक्यावर पांढरी, कापसासारखी, बघता बघता पाचोळ्यावर पसरली. काकूंनी ती पाहिली आणि पदर तोंडाला लावला.

"महालक्ष्म्या तोंडावर आल्या," त्या म्हणाल्या, "आणि माह्या अंगणात हे."

महालक्ष्म्या म्हणजे आमच्याकडच्या गौरी. पण तिथला थाट आमच्याकडे पाहिला नव्हता मी. उभ्या देवींची जोडी सजवतात, भाज्यांनी आणि आंबिलीनं पान भरून जातं, आणि नातेवाईक लोटतात. काकूंच्या नणंदबाई धाडहून येणार होत्या, त्यांचं नाक अख्ख्या खानदानात प्रसिद्ध.

"बसू दे," काकाजी म्हणाले. "बुरशी पयले येतेच. स्टाफ खाईन तिले."

"मी आता एकदाच सांगते. महालक्ष्म्या बसायच्या आदल्या दिवशी हौदाले वास आला, तं साहेब पाटलाच्या विहिरीत."

शेजारच्या पाटलांची विहीर होती, आणि विहिरीत कासव सोडलं की पाणी निर्मळ राहतं, वर पुण्य लागतं, असं सगळ्यांचंच मत. पाटलांनी दोनदा मागणी घातली होती.

काकाजींचा चेहरा उतरला. "तो जमिनीवरचा हाये. पाण्यात बुडन तो."

"कासव बुडते?" काकूंनी गल्लीला ऐकू जाईल असं विचारलं. "आइका बाई. कासव बुडते म्हणे. उद्या म्हणतीन मासोयीले सर्दी होते."

सगळी गल्ली हसली. काकाजींनी समजावून पाहिलं, पाय दाखवले, हत्तीसारखे आहेत, वल्ह्यासारखे नाहीत म्हणून. कुणाला पटेना. देवळातलं कासव काय, विहिरीतलं काय, कासव ते कासव. मला मात्र पटलं, कारण वल्ह्यासारखे पाय मी पाहिले होते. पण मी बोलणार कशी?

"आणि वास हाये का नाई, हे ठरवाचं कोणी?" काकाजींनी विचारलं.

"तुमचं नाक मेलेलं. माह्या नाकावर तुमचा भरोसा नाई." काकूंनी इकडेतिकडे पाहिलं, आणि त्यांची नजर माझ्यावर आली. मी तांदूळ निवडत होते. "ही सांगन. हिले ना तुमची बाजू, ना माही."

हातातलं सूप तसंच राहिलं. वास येतो म्हटलं तर साहेब मेले आणि मी काकाजींच्या मनातून उतरले. येत नाही म्हटलं तर काकूंच्या सणात मी घाण घातली. दोन्हीकडून आमची खोलीच दिसत होती मला. हे मुक्कामाहून आले तेव्हा मी सांगितलं. हे म्हणाले, "खरं काय ते सांग." कंडक्टरला सोपं असतं, तिकीट आहे किंवा नाही.

बुरशी काकाजी म्हणाले तशी ओसरली. गोळी होणारे किडे वाढले. काकाजी दिवसातून कितीदा तरी हौदाशी जात, हात मागे बांधून, आणि मला विचारत, "येते काय?" मी मान हलवी, पण ती होकाराची की नकाराची हे मलाही ठाऊक नसे.

आणि मग सण जवळ आल्यावर, काकाजी धाडच्या बाजाराला गेले असताना, काकूंनी सगळं घर सारवायला काढलं. ओसरी झाली, अंगण झालं, तुळस झाली. शेणाची बादली अर्धी उरली. काकूंनी हौदाकडे पाहिलं, लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि आत उतरल्या. पाचोळा एका बाजूला लोटला, ओंडका उभा करून ठेवला, साहेबांना उचलून पत्र्याखाली बसवलं आणि त्या जमिनीवरून असं सारवण घातलं की दृष्ट लागावी. एकही बोट सुटलेलं नाही. कडेनं रांगोळीची रेघही ओढली.

मी भिंतीशी उभी राहून म्हटलं, "काकू, काकाजींना विचारून..."

"सारवाले विचारा लागते काय, माय? पाह्य आता कसं घरावाणी दिसते. आता कशाला वास येते." त्या घामानं निथळत होत्या आणि खूश होत्या. तेव्हा माझ्या ध्यानात आलं की साहेबांना विहिरीत टाकायचं काकूंच्याही जिवावर आलं होतं. त्यांना येत होती ती एकच मदत त्यांनी केली होती.

काकाजी आले. छत्री मिटली, हौदात पाहिलं. मग हौदाच्या भिंतीवर बसले आणि कुणाला उद्देशून नव्हे असे म्हणाले, "सगळ्या कचेरीले टाळं लावलं या बाईनं." डबी काढली, पण चिमूट नाकापर्यंत गेलीच नाही, वाटेत सांडली.

"काय झालं?" काकू दारातून म्हणाल्या. "चांगलं सारवलं तं."

"चांगलंच सारवलं," काकाजी म्हणाले. "तुयासारखं सारवण तालुक्यात नाई." आणि न जेवता आत जाऊन पडले. काकूंनी ताट झाकून ठेवलं. मी पाहत होते, त्यांनी स्वतःचंही झाकून ठेवलं.

हौदाला हात लावायचा नाही हा काकाजींचाच नियम, म्हणून कुणी लावला नाही. पहिले एक-दोन दिवस सारवण तसंच, गुळगुळीत. साहेब त्यावरून घसरत चालत. मग त्याला बारीक बारीक भोकं दिसू लागली. भोकांच्या तोंडाशी मातीच्या गोळ्या. एका बाजूनं भुंगे शिरले. दोनदा भुरभूर पाऊस झाला. कडेचा पाचोळा कुणी ओढावा तसा आत सरकला. शेणाबरोबर ज्वारीचे दाणे आले होते, त्यांना हिरवे कोंब फुटले आणि साहेबांनी ते एकेक करून खाल्ले. आणि एका सकाळी काकू माझ्या दाराशी आल्या, आवाज खाली आणून म्हणाल्या, "पोरी, चाल बरं जरा."

आम्ही दोघी हौदाशी वाकलो. सारवण नव्हतंच. खाली भुसभुशीत, काळसर तपकिरी जमीन होती.

"माहं सारवण कुठं गेलं?"

काकाजी मागे केव्हा येऊन उभे राहिले ते कळलं नाही. "स्टाफनं खाल्लं."

"खाल्लं?"

"त्याईले वाटलं, पगार झाला."

काकू हसल्या नाहीत. पण जाताना शेणाची एक पाटी त्यांनी हौदाच्या भिंतीशी ठेवली, विसरल्यासारखी.

आदला दिवस उजाडला. धाडच्या नणंदबाई येऊन ओसरीवर बसल्या होत्या. पाटलांचा गडी टोपली घेऊन फाटकाशी उभा. त्याला कुणी बोलावलं होतं की तो आपणच आला होता कोण जाणे. गल्लीतल्या बायका कामं टाकून आल्या. काकाजी कोट घालून उभे होते, गुंड्या गळ्यापर्यंत लावलेल्या. साहेबांची पाठ पाचोळ्यातून थोडीशी दिसत होती.

"चाल माय," काकू म्हणाल्या. "घे वास."

मी भिंत धरून आत वाकले. श्वास घेतला.

काय झालं ते नीट सांगता येणार नाही. आमच्या घरामागे फणस आहे, त्याच्या बुंध्याशी वर्षानुवर्षं पान पडत आलंय, आई तिथे काटक्या वेचायला जाते. पावसाची एक सर जाऊन ऊन पडलं की तिथून जो वास येतो, तो आला. मेहकरात, सिमेंटच्या हौदातून. गाव सोडल्यापासून मी रडले नव्हते, घाबरण्यातच वेळ गेला होता सगळा. ते एकदम फुटलं. मी वाकलेलीच राहिले आणि पाणी टपटप हौदात पडायला लागलं.

"बाप्पा," नणंदबाई म्हणाल्या. "पोरीच्या डोयातून पाणी काढलं वासानं. किती सडलं असन."

गडी टोपली घेऊन पुढे आला. काकाजी माझ्याकडे पाहतही नव्हते, साहेबांकडे पाहत होते. गड्यानं हौदात हात घातला आणि साहेबांनी मान आत घेतली.

"थांबा," मी म्हटलं.

ते इतक्या मोठ्यानं आलं की गड्यानं हात मागे घेतला. "वास येतो. पण घाणीचा नाही. आमच्या घरामागचा येतो. फणसाखालचा. तुमच्या अख्ख्या गावात मला आजवर हा एकच वास ओळखीचा आला आहे, आणि तो ह्या हौदाचा आहे. आणि कासव बुडतं. हे बुडेल. न बुडणारी कासवं मी पाहिली आहेत, त्यांचे पाय असे नसतात."

मला वाटलं, गेली खोली. काकू माझ्या शेजारी आल्या, वाकल्या, आणि डोळे मिटून वास घेतला. पुन्हा घेतला. मग सरळ झाल्या आणि गड्याला म्हणाल्या, "टोपली घेऊन जाय. पाटलाले म्हणा, दुसरं कासव पाहा." मग मला म्हणाल्या, "आणि तू उभ्यानं रडू नको, कंबर धरन. रडाचंच असन तं आत येऊन बस."

मी पाय पुसायला थांबले. "राहू दे," त्या म्हणाल्या.

महालक्ष्म्या बसल्या, आणि त्यांच्या जेवणाच्या दिवशी काकूंनी मला सवाष्ण म्हणून पहिल्या पंगतीत बसवलं. नणंदबाईंनी हळूच विचारलं, "ही मासोयी खाते ना?" काकू आंबील वाढत होत्या, हात न थांबवता म्हणाल्या, "आज कुठं खाऊन राह्यली?"

संध्याकाळी काकाजींनी मला हौदाच्या भिंतीवर बसवून घेतलं. "न बुडणारे कुठं पाह्यले तू?" मग मी सांगितलं, आणि बोलतच राहिले. थंडी सरता सरता आमच्या किनाऱ्यावर समुद्रातून कासविणी येतात, परातीएवढ्या. वाळूत खड्डा करतात, अंडी घालतात, वाळू ओढून घेतात आणि मागे न पाहता पाण्यात जातात. सकाळी वाळूवर त्यांचा माग दिसतो, गाडीच्या चाकोरीसारखा. काकाजींनी समुद्र पाहिलेला नव्हता. "मायेनं मंग परत येऊन पाहाचं नाई, पोरं कसे हायेत ते?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "नाही." ते चिमूट ओढत म्हणाले, "आणि पोराइले पाणी कोणत्या बाजूले हाये ते समजते?" मी म्हटलं, "समजतं. आपलं आपण जातात." ते म्हणाले, "हे पाहाले पायजे."

आता ह्यांची बदली झाली आहे, आणि आम्ही मेहकरापासून आणि कोकणापासूनही पुष्कळ लांब आहोत. इथे मी आल्या दिवशी शेजारणीला माझं नाव सांगितलं, तिला ऐकू जाईल असं. साहेब खुशाल आहेत असं मेहकरहून येणारा एक ड्रायव्हर सांगतो. काकाजींनी माझ्यासाठी जे केलं त्याची फेड कशानं होणार, हे मी पुष्कळदा मनात घोळवते. पण एक ठरवलं आहे. एका वर्षी, थंडी सरता सरता, मी त्या दोघांना आमच्या गावी नेणार आहे. काकूंना आईच्या हाती सोपवीन. काकाजींना पहाटे किनाऱ्यावर नेऊन, नुकता उमटलेला माग दाखवीन, आणि मग पोरं बाहेर पडायच्या दिवसापर्यंत ठेवून घेईन, कितीही दिवस लागोत. ते वाळूवर पालथे पडले तर माझ्या गावातल्या कुणालाही मी हसू देणार नाही.